एका लांडग्याचा ताळेबंद

भयकथा वाचणाऱ्या माणसाकडे आपल्याकडे अजूनही जरा दयेनेच पाहिलं जातं. त्यातून तो साठी उलटलेला, बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेला आणि स्वतः चार कादंबऱ्या लिहून बसलेला असेल, तर विचारूच नका. या वयात हातात ज्ञानेश्वरी असावी, निदान कुणा थोर माणसाचं आत्मचरित्र असावं, अशी जगाची रास्त अपेक्षा. ‘सध्या काय वाचताय?’ या प्रश्नाला ‘माणसाचा लांडगा होतो, त्याची गोष्ट’ असं उत्तर दिलं की समोरचा गृहस्थ घाईघाईने हवापाण्याच्या गप्पांकडे वळतो.

वास्तविक यात संकोच वाटावा असं काही नाही. नारायण धारपांनी मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांची झोप उडवली आणि त्या पिढ्या त्याबद्दल त्यांच्या आजन्म ऋणी आहेत. रत्नाकर मतकरी तर आमच्याच गोत्रातले. बँक ऑफ इंडियातली नोकरी वीस वर्षं सांभाळून त्यांनी लेखन केलं आणि १९७८ साली ती सोडून ते पूर्णवेळ लेखक झाले. दिवसभर आकडे जुळवणाऱ्या माणसाला न जुळणाऱ्या गोष्टींचं आकर्षण वाटत असावं. चांगली भयकथा जे सांगते, ते सरळ शब्दांत सांगितलं तर आपण ऐकून घेणार नाही. म्हणून ती त्याला भुताचं नाहीतर जनावराचं सोंग देते. सोंगाच्या आत कोण आहे, हे ओळखणं वाचकावर सोडलेलं असतं.

आज ज्या कादंबरीबद्दल लिहायचं आहे तिचं नाव ‘द वेअरवुल्फ ऑफ पॅरिस’. लेखक गाय एन्डोर. प्रकाशन १९३३. पाश्चात्त्य भयसाहित्यात रक्तपिशाच्चाच्या प्रांतात ‘ड्रॅक्युला’चं जे स्थान आहे, ते नरवृकाच्या, म्हणजे लांडगा होणाऱ्या माणसाच्या प्रांतात या पुस्तकाचं आहे, असं जाणकार मानतात. बँकेत कर्जाचा प्रस्ताव आला की आम्ही कागदाचे तीन भाग करत असू: जमेच्या बाजू, धोक्याच्या बाजू आणि शेवटी शिफारस. इतक्या वर्षांची सवय सुटत नाही. याही पुस्तकाकडे मी तसंच पाहणार आहे.

आधी अर्जदाराची माहिती. एन्डोर अमेरिकन, जन्म ब्रुकलिनचा, मूळ नाव सॅम्युएल गोल्डस्टीन. लहानपणाचा काही काळ युरोपात, व्हिएन्नात गेला. शिक्षण कोलंबिया विद्यापीठात. पुढे तो हॉलिवूडमध्ये पटकथा लिहू लागला. ‘मार्क ऑफ द व्हँपायर’, ‘द डेव्हिल-डॉल’ अशा भयपटांवर त्याचं नाव आहे आणि युद्धातल्या सैनिकांवरच्या १९४५च्या ‘द स्टोरी ऑफ जी. आय. जो’ या चित्रपटासाठी त्याला ऑस्करचं नामांकनही मिळालं. विचारांनी तो डावा. ‘वेअरवुल्फ’च्या पुढच्याच वर्षी त्याने ‘बाबूक’ ही हैतीमधल्या गुलामांच्या उठावावरची कादंबरी लिहिली. पुढे हॉलिवूडने कम्युनिस्टांना काळ्या यादीत टाकलं, त्यात हाही होता. १९७० साली तो वारला. हा तपशील अशासाठी दिला, की या लांडग्याच्या गोष्टीत राजकारण कुठून आलं, हा प्रश्न वाचकाला पडणार आहे.

माणसाचा लांडगा होतो ही समजूत युरोपात फार जुनी. रोमन काळातल्या पेट्रोनियसच्या ‘सॅटिरिकॉन’मध्येही अशी एक गोष्ट आहे. पण फ्रान्समध्ये ती गोष्टीपुरती राहिली नाही, कोर्टात गेली. सोळाव्या शतकात दोल इथे झील गार्निए नावाच्या माणसाला लांडगा होऊन मुलं खाल्ल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आलं. १६०३ साली बोर्दोच्या न्यायालयापुढे झां ग्रेनिए हा तेरा-चौदा वर्षांचा पोरगा आला. ‘मी लांडगा होतो’ असं तो स्वतःच सांगत होता. न्यायाधीशांनी त्याला जाळलं नाही. हा मतिमंद आहे, असं म्हणून जन्मभरासाठी मठात पाठवलं. जाळावं की सांभाळावं? चारशे वर्षांपूर्वी विचारलेला हा प्रश्नच एन्डोरच्या कादंबरीचा पाया आहे.

दुसरा धागा आणखी जवळचा. १८४९ साली पॅरिसमध्ये फ्रान्स्वा बर्त्रां नावाच्या एका सार्जंटवर लष्करी न्यायालयात खटला चालला. मोंपार्नास आणि इतर दफनभूमींतली प्रेतं उकरून त्यांची विटंबना करण्याचा त्याला नाद होता. शिक्षा झाली एक वर्ष कैदेची. एन्डोरने हा सार्जंट उचलला, त्याचं आडनाव पहिलं नाव केलं, त्याला वीस-बावीस वर्षं पुढे आणलं आणि पॅरिसच्या इतिहासातल्या सर्वांत भयंकर वर्षात, १८७०-७१ मध्ये, उभं केलं.

गोष्ट थोडक्यात अशी. एक अमेरिकन विद्यार्थी प्रबंधाच्या कामासाठी पॅरिसमध्ये आहे. कचऱ्यात सापडलेलं एक जुनं हस्तलिखित त्याच्या हाती लागतं. एमार गालिए नावाच्या कुणा गृहस्थाने १८७१ मध्ये सार्जंट बर्त्रां काये याच्या खटल्यासाठी लिहिलेलं ते निवेदन असतं. गालिए हा १८४८च्या क्रांतीत लढून पायाने अधू झालेला, आत्याबाईंच्या आश्रयाने राहणारा माणूस. आत्याबाईंच्या घरी खेड्यातून आलेली जोसेफीन नावाची कोवळी मोलकरीण आहे. एक धर्मगुरू तिच्यावर बलात्कार करतो. या धर्मगुरूच्या घराण्याला जुना शाप आहे. त्यांचा एक पूर्वज शत्रूच्या वाड्यात विहिरीसारख्या खोल अंधारकोठडीत वर्षानुवर्षं कोंडलेला होता. वरून मांसाचे तुकडे टाकले जात आणि खालून माणसाच्या आवाजाऐवजी ओरडणं ऐकू येई. जोसेफीनला मुलगा होतो, तोही नाताळच्या आदल्या रात्री. ख्रिस्ताच्या जन्मवेळी जन्मणं हा त्या लोकांत अपशकुन. पोराच्या भुवया जुळलेल्या, तळहातावर केस. हा बर्त्रां.

गालिए त्याला घेऊन खेड्यात जातो आणि वाढवतो. काही वर्षांनी गावात मेंढ्या मरू लागतात. राखणदार एका लांडग्यावर चांदीची गोळी झाडतो आणि ती गोळी सापडते बर्त्रांच्या अंगात. गालिए काय करतो? पोराला गजांच्या खोलीत कोंडतो आणि रोज कच्चं मांस खायला घालतो. दिवसा पोरगा गुणी, लाघवी. रात्रीचं त्याला फक्त स्वप्नासारखं आठवतं. मोठा झाल्यावर तो सुटतो, हातून खून घडतात, पॅरिसला पळतो आणि युद्धाच्या धामधुमीत नॅशनल गार्डमध्ये भरती होतो. गालिए त्याच्या मागावर. वर्तमानपत्रातली प्रत्येक खुनाची बातमी वाचून तो मनाशी म्हणतो, हा आपलाच.

आता जमेच्या बाजू.

पहिली बाजू म्हणजे पार्श्वभूमी. पार्श्वभूमी हा शब्दही इथे अपुरा आहे, कारण पुढे तीच पुढ्यात येते. १९ सप्टेंबर १८७० ते २८ जानेवारी १८७१ या काळात जर्मन फौजांनी पॅरिसला वेढा दिला होता. शहरात अन्न संपलं. लोकांनी घोडे खाल्ले, मग कुत्री-मांजरं, मग उंदीर. डिसेंबरच्या अखेरीस प्राणिसंग्रहालयातले कॅस्टर आणि पोलक्स हे दोन हत्ती मारून त्यांचं मांस विकण्यात आलं. अशा शहरात एक तरुण रात्री मांसाच्या शोधात हिंडतो आहे, याचं कुणाला नवल वाटणार? महाभारतात भीमाला वृकोदर म्हटलं आहे. वृक म्हणजे लांडगा. लांडग्याचं पोट असलेला तो वृकोदर. आपल्याकडे ती थोर योद्ध्याची ओळख झाली. एन्डोर दाखवतो, की उपाशी शहरात प्रत्येक जणच वृकोदर होतो. काहींची वखवख ताटावर थांबते, काहींची थांबत नाही, एवढाच फरक.

दुसरी बाजू म्हणजे लेखकाची हिंमत. १८ मार्च १८७१ला पॅरिसमध्ये कम्यूनचा उठाव झाला. २१ ते २८ मे या आठवड्यात सरकारी फौजांनी तो मोडून काढला. इतिहासात त्याला ‘रक्तरंजित आठवडा’ म्हणतात. त्यात किती माणसं मारली गेली, याचे इतिहासकारांचे आकडे सहा-सात हजारांपासून वीस हजारांपर्यंत आणि त्याहूनही वर जातात. उठाव करणारेही मागे नव्हते. त्यांनी २४ मे रोजी खुद्द पॅरिसच्या आर्चबिशपना, दार्ब्वांना, ओलीस म्हणून धरलेल्या इतरांसह गोळ्या घातल्या. या सगळ्यात गालिएचा बर्त्रां कुठे आहे? त्याने मारली दोन-चार माणसं, उकरल्या काही कबरी. इतकी वर्षं ‘हा पशू आहे, याला जाळलंच पाहिजे’ म्हणत फिरणारा गालिए भिंतीला उभे करून मारले जाणारे लोक पाहतो आणि त्याचा निश्चय डळमळतो. इथे हुकमाने मारणाऱ्यांना पदकं मिळताहेत. भुकेने मारणाऱ्या एकट्यालाच पशू का म्हणायचं?

हा प्रश्न १९३३ साली छापून आला. त्याच वर्षी जानेवारीत जर्मनीत हिटलर चॅन्सेलर झाला होता. पुढच्या बारा वर्षांत काय होणार, हे लेखकाला कुठून ठाऊक असणार? पण आज ते पान वाचताना अंगावर काटा येतो, तो लांडग्यामुळे येत नाही.

तिसरी बाजू संदिग्धतेची. बर्त्रां खरोखर लांडगा होतो, की त्याला तसा भ्रम होतो? लेखक शेवटपर्यंत दोन्ही दारं उघडी ठेवतो. एक दार डॉक्टरकडे जातं, दुसरं धर्मगुरूकडे. माझा नातू कॉलेजात आहे. त्याने हे पुस्तक माझ्याआधी संपवलं आणि विचारलं, “आजोबा, तुमचं मत काय? तो लांडगा होता की आजारी?” मी म्हटलं, “तुला काय वाटतं?” तो म्हणाला, “मला वाटतं, ज्यांच्या घरात तो होता त्यांना या दोन्हींत काही फरक पडत नव्हता.” समीक्षेच्या पुस्तकांत इतकं नेमकं वाक्य मला क्वचितच मिळालं आहे.

चौथी बाजू गालिए. भयकथेत राक्षस लक्षात राहतो, राखणदार राहत नाही. इथे उलट आहे. पोरावर माया आहे, गावाबद्दल कर्तव्यबुद्धी आहे आणि दोन्ही एकाच वेळी पाळता येत नाहीत, अशा कात्रीत सापडलेला हा सामान्य माणूस आहे. पुस्तक त्याचं आहे.

आता धोक्याच्या बाजू. त्या लहान नाहीत.

सर्वांत मोठा दोष स्त्री-पात्रांचा. जोसेफीनवर अत्याचार होतो आणि त्यानंतर लेखक तिला कामातुर बनवून टाकतो. जणू अत्याचाराने तिच्यातली वासना जागी झाली. इतकंच नव्हे, पुढे खुद्द गालिएही तिचा फायदा घेतो आणि लेखक ते हसण्यावारी नेतो. हे वाचताना राग येतो आणि यायलाच हवा. ‘तेव्हाचा काळच तसा होता’ हे समर्थन मला पटत नाही. त्या काळीही पीडित मुलीच्या बाजूने लिहिणारे लेखक होते. गुलामांच्या वेदना ज्याला पुढच्या वर्षी दिसल्या, त्याला आपल्याच कादंबरीतली मोलकरीण दिसू नये, हे विशेष. पॅरिसमध्ये बर्त्रांला भेटणारी सोफी ही सुखवस्तू घरातली मुलगी त्यामानाने जिवंत आहे. पण तिचंही सारं आयुष्य त्याच्याभोवती फिरतं आणि त्याच्यापायी संपतं.

दुसरा दोष बांधणीचा. हस्तलिखित सापडणं ही युक्ती तेव्हाही जुनीच होती. ज्या अमेरिकन विद्यार्थ्यापासून सुरुवात होते तो मधल्या मोठ्या पल्ल्यात गुडूप होतो. गालिएच्या निवेदनात असणं शक्य नाही अशा गोष्टीही आपल्याला सांगितल्या जातात. सोफी आणि बर्त्रां बंद खोलीत काय बोलले, हे याला कुणी सांगितलं? हिशेब तपासणाऱ्याने लाल शाईने खूण करावी अशा या जागा आहेत. आणि योगायोग तर इतके, की लाखो वस्तीच्या पॅरिसमध्ये हवा तो माणूस हव्या त्या कोपऱ्यावर भेटतो.

तिसरा दोष भाषणबाजीचा. गोष्टीतून कळलेली गोष्ट लेखक पुन्हा आपल्या तोंडाने सांगतो. मधूनच तो गोष्ट थांबवून दंतकथा, वैद्यक, धर्म, राजकारण यांची टिपणं काढून बसतो. काही टिपणं रंजक आहेत, काही ठिकाणी वाचक घड्याळाकडे पाहतो. कादंबरी लिहिणारा माणूस म्हणून सांगतो, हा मोह भल्याभल्यांना सुटत नाही. ज्या गोष्टीसाठी दोन वर्षं ग्रंथालयात घालवली ती वाचकाला न सांगता गिळून टाकणं हे फार अवघड काम आहे.

चौथा दोष काहींना गुण वाटेल. ज्यांना पौर्णिमेचा चंद्र, फाटणारे कपडे, हातावर उगवणारे केस हवे आहेत, त्यांची इथे निराशा होईल. रूपांतर जवळजवळ दिसतच नाही. ते सारं आपल्या डोळ्यांपुढे आहे ते मुख्यतः चित्रपटांमुळे, त्यातही १९४१च्या ‘द वुल्फ मॅन’मुळे. एन्डोरच्या पुस्तकावर बेतलेला चित्रपट १९६१ साली इंग्लंडच्या हॅमर कंपनीने काढला, ‘द कर्स ऑफ द वेअरवुल्फ’. ऑलिव्हर रीड त्यात लांडगा झाला होता. पण कथा पॅरिसमधून उचलून अठराव्या शतकातल्या स्पेनमध्ये नेली. म्हणजे वेढा गेला, कम्यून गेलं, तो आठवडा गेला. लांडगा तेवढा राहिला. चित्रपट वाईट नाही. पण ज्या प्रश्नासाठी पुस्तक लिहिलं गेलं, तो पडद्यावर आलाच नाही.

पाचवी गोष्ट आजच्या वाचकाने सावधपणे घ्यावी अशी. रक्तातूनच पाप येतं, बापाचा दोष मुलात उतरतो, ही कल्पना कादंबरीत ठासून भरली आहे. शिवाय मनाचा आजार आणि हिंस्रपणा यांची तिथे सरमिसळ आहे. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसं हिंसक नसतात. उलट त्यांनाच इतरांचा त्रास अधिक सोसावा लागतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे. तरुण वाचकाच्या हाती पुस्तक देताना हे सांगायला हवं. लहान मुलांच्या हाती मात्र ते देऊच नये. त्यात अत्याचार आहे, नात्यांची मर्यादा मोडणारे प्रसंग आहेत.

इतके दोष असूनही मी हे पुस्तक तीनदा का वाचलं? कारण त्यात तीन पिंजरे आहेत आणि तिन्ही माझ्या ओळखीचे आहेत.

पहिला पिंजरा गालिएच्या घरातला. पोरात काहीतरी भयंकर आहे, हे कळल्यावर तो कुणाला सांगत नाही. खोलीला गज लावतो आणि मांस पुरवतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. आपली कुटुंबसंस्था मोठी मायाळू आहे. ती अपराध पोटात घालते. पण पोटात घातलेलं नेहमी पचतंच असं नाही.

नव्वदच्या दशकात मी एका तालुक्याच्या गावी शाखेत होतो. एक निवृत्त गुरुजी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पेन्शन काढायला येत. त्यांचा तिशीतला मुलगा बाहेर पायरीवर बसलेला असे. दारूचं व्यसन होतं. गुरुजी बाहेर पडले की नोटा मोजून त्याच्या हातावर ठेवत. घरी मारहाण होते, हे गल्लीत सर्वांना ठाऊक होतं. गुरुजींच्या कपाळावरची खोक दाराची चौकट लागून झालेली असे, काकूंचा हात नेहमी नळावर घसरून मुरगळलेला असे. मांस पुरवलं की एक महिना शांततेत जाईल, हा तो हिशेब होता. मग एका पहिल्या तारखेला दोघं नवरा-बायको बरोबर आली. पायरीवर कुणी नव्हतं. “बसा काकू,” मी म्हटलं. त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या, “साहेब, थोडी रक्कम आमच्या दोघांच्या नावाने मुदत ठेवीत टाका. पोराला पैसे देणं बंद केलंय. दवाखान्यात यायला तयार असेल तर गाडीभाडं देऊ. आणि शेजारी सांगून ठेवलंय, आवाज आला तर दार वाजवा म्हणून.” गुरुजी खाली मान घालून अर्जावर सही करत होते. त्यांचा हात कापत होता, सही मात्र नेहमीसारखी वळणदार आली. पुढच्या वर्षी माझी बदली झाली. तोवर पहिल्या तारखेला पायरीवर बसलेलं मी कुणाला पाहिलं नाही.

मी गालिएबद्दल वाचतो तेव्हा मला काकू आठवतात. ‘आवाज आला तर दार वाजवा’ हे एक वाक्य गालिए शेजाऱ्यांना म्हणू शकला असता, तर कादंबरी शंभर पानांत संपली असती.

दुसरा पिंजरा सोफीच्या प्रेमाचा. बर्त्रांने इतरांना मारू नये म्हणून ती त्याला आपलं रक्त देते. अंगावर जखमांमागून जखमा, आणि तो तेवढ्यापुरता शांत. लेखकाने हे प्रेम म्हणून रंगवलं आहे आणि काही पानं खरोखर हळवी आहेत. पण ‘मी सोसते म्हणून तो बाहेर तरी नीट वागतो’ हे वाक्य आपण किती घरांतून ऐकलं आहे! त्याला त्याग म्हणायची आपली जुनी खोड आहे. सोफीचं पुढे काय होतं, हे पुस्तकात वाचा. त्यागाने लांडग्याचं पोट भरत नाही.

तिसरा पिंजरा संस्थेचा, आणि मला तो सर्वांत भयानक वाटतो. गालिएचं मन द्रवतं, बर्त्रां मृत्युदंडातून वाचतो आणि शेवटी वेड्यांच्या खाजगी इस्पितळात जातो. गालिए पैसे भरतो. भेटायला जातो तेव्हा पुतण्यासारखा वाढवलेला हा मुलगा त्याला स्वच्छ, शांत बसलेला दिसतो. तो समाधानाने घरी परततो. आत काय चाललं आहे, ते फक्त वाचकाला ठाऊक असतं: मारहाण, कोंडून ठेवणं आणि भेटीच्या दिवसापुरतं औषध देऊन गप्प बसवणं. इथे कुणी शाप दिलेला नाही, कुणी रात्री लांडगा होत नाही. पगारी माणसं दिवसाढवळ्या हे करताहेत.

हे फ्रान्सचं दीडशे वर्षांपूर्वीचं चित्र म्हणून सोडून देता येत नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडी इथे मनोरुग्णांना ठेवलेल्या झोपडीवजा आश्रमाला आग लागली आणि साखळदंडाने बांधलेले २८ जण जागच्या जागी जळून मेले. त्यांतल्या अनेकांना घरच्यांनीच तिथे आणून ठेवलं होतं. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला स्पष्ट मनाई केली. कायदा झाला, चांगलं झालं. पण कायदा भेटीच्या दिवशी आत डोकावत नाही. ते घरच्यांनीच करायचं असतं. हप्ता वेळेवर भरला म्हणजे खातं नीट आहे असा आमचा बँकेतला नियम होता. माणसांच्या खात्याला तो लागू पडत नाही.

या तिन्ही पिंजऱ्यांच्या बाहेर एक मोकळं मैदान आहे. तिथे लांडग्याला गणवेश मिळतो, बंदूक मिळते आणि कुणाला फाडायचं याची यादी मिळते. तिथे त्याला कुणी लांडगा म्हणत नाही. एन्डोरचा सगळा रोख या मैदानाकडे आहे. पण त्याचं उत्तर मला पूर्ण पटत नाही. हजारो माणसं मारणारे मोकाट आहेत, म्हणून दोघा-चौघांना मारणाऱ्याचा अपराध लहान होत नाही. ज्यांची मुलं त्याने मारली, त्यांच्या घरात आकड्यांची तुलना चालत नाही. एका कर्जदाराने मोठी रक्कम बुडवली म्हणून दुसऱ्याची लहान थकबाकी माफ होत नसते. गालिएला ही तुलना सोयीची वाटली, कारण त्याला पोर वाचवायचं होतं. लेखकाला ती सोयीची वाटली, कारण त्याला सत्ताधाऱ्यांना झोडपायचं होतं. दोघांचे हेतू समजतात. हिशेब मात्र जुळत नाही. माझ्या मते कादंबरीचा हाच सर्वांत खोल दोष आहे आणि तिचं सर्वांत मोठं सामर्थ्यही इथेच आहे, कारण पुस्तक मिटल्यावर आपण इतका वेळ वाद घालतो तो याच जागी.

राहिली शिफारस. नुसती धडकी भरवून घ्यायची असेल, तर याहून सरस पुस्तकं आहेत. आपल्या धारपांची पाच-सहा नावं मी झोपेत सांगेन. पण घरात, गल्लीत, देशात ज्याला आपण पशू म्हणतो त्याचं करायचं काय, हा प्रश्न ज्यांना कधी ना कधी पडला आहे, अशा प्रौढ वाचकाने ‘द वेअरवुल्फ ऑफ पॅरिस’ जरूर वाचावं. दोषांसकट वाचावं, जोसेफीनच्या बाजूने रागावून वाचावं. मंजुरीच्या कागदावर मी एवढाच शेरा लिहीन: तारण कच्चं, हिशेबात चुका, तरी अर्जदाराची गरज खरी. मंजूर करावं.